डोंगराची खोली : स्टिरिओकार्डांच्या अभ्यासाची प्रस्तावना

साडेतीन इंच उंच आणि सात इंच रुंद असा एक पुठ्ठा. त्यावर शेजारी शेजारी चिकटवलेली दोन छायाचित्रे, पाहताक्षणी एकाच चित्राच्या दोन प्रती वाटाव्यात अशी. लाकडी खांबांच्या उंच सांगाड्यावरून चढत गेलेला लोहमार्ग, त्यावर एक बुटके इंजिन, इंजिनाच्या वरच्या अंगाला एकच डबा, डब्यात आणि रुळांच्या कडेला माणसे, आणि मागे धूसर डोंगररांग. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर दात्यांची रेल्वे जाते. १८७०च्या दशकात तिची अशी कार्डे पुष्कळ छापली गेली आणि पर्यटकांनी ती हौसेने घरी नेली. जवळच्याच लिटलटन गावचे किलबर्न बंधू हे या कार्डांचे सर्वांत नावाजलेले निर्माते. या रेल्वेच्या चढावरचा सर्वांत अवघड टप्पा ‘जेकब्ज लॅडर’ नावाने ओळखला जातो. त्या टप्प्याचे एखादे कार्ड समोर ठेवूनच या विषयात शिरावे असे मला वाटते.

नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर चित्र बेताचेच आहे. छपाई पिवळसर तपकिरी पडलेली, आभाळ कोरे, तपशील बारीक. पण कार्ड स्टिरिओस्कोपच्या दांडीवर बसवून भिंगांतून पाहिले, ते थोडे मागेपुढे सरकवले, की दोन चित्रांचे एक होते आणि त्या एका चित्राला आत जायला जागा मिळते. सांगाड्याचे खांब एकामागून एक सुटे होतात. त्यांच्या मधली पोकळी दिसू लागते. जवळचा रूळ अंगावर येतो, दूरचा मागे हटतो. कडेला उभा असलेला माणूस खांबापासून वेगळा होतो. डोंगररांग मात्र होती तशीच राहते, नाटकातल्या मागच्या रंगवलेल्या पडद्यासारखी सपाट.

डोंगराचे म्हणून विकलेल्या चित्रात डोंगरच सपाट असावा आणि सगळी खोली रेल्वेच्या वाट्याला यावी, ही गोष्ट किरकोळ वाटेल. या प्रस्तावनेचे म्हणणे मात्र तिच्यावरच उभे आहे. स्टिरिओकार्डात डोंगराला खोली येते ती त्याच्यासमोर जे ठेवले आहे त्यामुळे. म्हणून ही कार्डे वाचायची तर पार्श्वभूमीपासून नव्हे, अग्रभागापासून वाचायला हवीत. असे का, हे समजून घ्यायला थोडे प्रकाशशास्त्र, थोडा रेल्वेचा इतिहास आणि थोडा व्यापाराचा इतिहास लागतो. या विषयाची गंमत हीच आहे की यांतली कुठलीही एक वाट धरून आत आलेला माणूस लवकरच दुसऱ्या दोन वाटांवर जाऊन पोचतो.

आधी प्रकाशशास्त्र. आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण ६५ मिलिमीटरवर आहेत. त्यामुळे कोणतीही वस्तू दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळ्या दिशेला दिसते आणि या फरकावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. ही गोष्ट प्रयोगाने दाखवून दिली ती चार्ल्स व्हीटस्टन यांनी. १८३८ मध्ये त्यांनी आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला, तेव्हा छायाचित्रणाची जाहीर घोषणाही झालेली नव्हती. ती पुढच्या वर्षी झाली. व्हीटस्टन यांनी घनाकृतींची साधी रेषाचित्रे काढली, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे आणि एक उजव्या, आणि दोन आरशांच्या योजनेने ती एकेका डोळ्याला स्वतंत्र दाखवली. दोन्ही कागद सपाट होते, तरी पाहणाऱ्याला घनाकार दिसला. खोली कागदावर नसते, ती पाहणारा तयार करतो, हे या प्रयोगातून पुढे आले. अभ्यासकाने हे कायम लक्षात ठेवावे, कारण ज्या वस्तूचा आपण अभ्यास करतो ती पाहणाऱ्याशिवाय पुरी होतच नाही.

आता अंतराचा हिशेब. दोन डोळ्यांमधले ६५ मिलिमीटर दोन मीटरवरच्या वस्तूपासून मोजले तर पावणेदोन अंशांहून थोडा मोठा कोन करतात. वीस मीटरवर तोच कोन दहावा हिस्सा उरतो, दोनशे मीटरवर शंभरावा. म्हणजे जवळच्या वस्तूंमध्ये खोलीचा फरक भरपूर असतो आणि लांब जाल तसा तो झपाट्याने विरत जातो. काही शे मीटरांच्या पलीकडे तर दोन्ही डोळ्यांची चित्रे जवळजवळ सारखीच होतात. पर्वतशिखर पाच किलोमीटरवर असो वा पंधरा, दोन डोळ्यांच्या हिशेबी ते एकाच पडद्यावर असते. प्रत्यक्ष डोंगरात उभे असताना हे जाणवत नाही, कारण तिथे धुके, छाया, झाडांचे लहानमोठे आकार आणि आपले स्वतःचे चालणे अशा कितीतरी खुणा मदतीला असतात. पुठ्ठ्यावरच्या तीन इंचांच्या चित्रात यांतल्या थोड्याच उरतात.

यावर एक उपाय आहे. दोन चित्रे डोळ्यांच्या अंतराऐवजी कित्येक मीटरांच्या अंतरावरून घ्यायची. मग डोंगरालाही खोली येते, पण त्याची वेगळी किंमत द्यावी लागते. एवढा फरक दिसतो म्हणजे वस्तू जवळ आणि लहान असणार, असे मेंदू धरून चालतो आणि अख्खा पर्वत टेबलावरच्या नमुन्याएवढा दिसू लागतो. खगोलछायाचित्रकार वॉरन द ला रू यांनी चंद्राची जोडचित्रे करताना तर कॅमेरा हलवण्याऐवजी चंद्राच्याच डोलण्याचा उपयोग केला. तो आपली बाजू किंचित कलवतो, तेव्हा वेगवेगळ्या वेळी घेतलेली दोन चित्रे जोडीने वापरता येतात. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत भूविज्ञान शिकलेल्यांना हे सारे नवे नाही. विमानातून ओळीने घेतलेल्या, एकमेकांवर साधारण साठ टक्के येणाऱ्या छायाचित्रांच्या जोड्या छोट्या स्टिरिओस्कोपखाली धरून त्यांनी कडे, दऱ्या, पठारे वाचलेली असतात. तिथे सह्याद्रीचे कडे प्रत्यक्षाहून अधिक ताठ दिसतात, याचे कारण हेच. विमानाने दोन छायाचित्रांमध्ये कापलेले शेकडो मीटर हेच तिथे दोन डोळ्यांमधले अंतर झालेले असते.

बाजारासाठी कार्डे काढणाऱ्या छायाचित्रकाराला हे परवडणारे नव्हते. त्याचा दोन भिंगांचा कॅमेरा साधारण डोळ्यांइतक्याच अंतराचा असे. म्हणून त्याने दुसरा मार्ग धरला: जवळ काहीतरी हवे. पडलेला ओंडका, खडक, फांदी, टोपी घालून बसलेला माणूस. यांच्या मागे मधल्या अंतरावर आणखी काही, आणि त्याच्या मागे डोंगर. या गरजेला रेल्वेइतका चपखल विषय दुसरा नव्हता. रूळ पायाशी सुरू होतात आणि न तुटता दूर जातात. त्यांच्याखाली ठरावीक अंतराने स्लीपर असतात, सांगाड्याचे खांब असतात. खोलीवर जणू आखणी करून ठेवलेली असते आणि डोळा ती मोजत मोजत आत जातो. दात्यांच्या रेल्वेत तर मधोमध शिडीसारखी पट्टी असते, तिच्या पायऱ्या वेगळ्याच.

या रेल्वेमागची हकिकत सांगण्यासारखी आहे. सिल्व्हेस्टर मार्श हे न्यू हॅम्पशायरचेच, पण त्यांनी पैसा मिळवला शिकागोत, मांसाच्या धंद्यात. १८५७ मध्ये माउंट वॉशिंग्टन चढताना ते वादळात सापडले आणि या डोंगरावर सुरक्षित जायची सोय हवी असे त्यांच्या मनाने घेतले. १८५८ मध्ये त्यांनी राज्याच्या विधिमंडळाकडून परवाना मिळवला. चेष्टेने कुणीतरी ‘चंद्रापर्यंतही परवाना देऊन टाका’ अशी दुरुस्ती सुचवली होती, असे सांगतात. मध्ये अमेरिकेचे यादवी युद्ध झाले. काम सुरू झाले १८६६ मध्ये आणि मार्ग शिखरावर पोचला ३ जुलै १८६९ रोजी. लांबी जेमतेम पाच किलोमीटर. सरासरी चढ शंभराला पंचवीस, आणि जेकब्ज लॅडरवर शंभराला ३७ हून अधिक.

मराठी वाचकाला या आकड्याची कल्पना यावी म्हणून आपला भोर घाट शेजारी ठेवून पाहू. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या त्या घाटातला सर्वांत कठीण चढ ३७ फुटांना एक फूट होता, म्हणजे शंभराला तीनहूनही कमी. तेवढ्या चढासाठी खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन बांधावे लागले होते आणि डोंगर पोखरून पंचवीस बोगदे काढावे लागले होते. गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळाला धरून किती चढू शकते याला मर्यादा आहे. मार्श यांनी चाकाच्या घर्षणाचा नादच सोडला. दोन रुळांच्या मध्ये लोखंडी पायऱ्यांची पट्टी टाकली आणि इंजिनाचे दातेरी चाक त्या पायऱ्यांत अडकवले. इंजिन नेहमी डब्याच्या उताराकडच्या बाजूला राहते. चढताना ते डबा ढकलते, उतरताना त्याला अडवून धरते. दोघांना जोडणारी कडी नसते. पहिल्या इंजिनाचा बॉयलर उभा होता आणि मिरीच्या सॉसच्या बाटलीसारखा दिसे, म्हणून त्याला ‘ओल्ड पेपरसास’ हे टोपणनाव पडले. युरोपात निक्लाउस रिगेनबाख यांनीही स्वतंत्रपणे असाच विचार केला होता. त्यांची स्वित्झर्लंडमधली रिगी रेल्वे २१ मे १८७१ रोजी सुरू झाली.

रेल्वे झाली आणि डोंगरावर गर्दी आली. १८६९च्या उन्हाळ्यातच राष्ट्राध्यक्ष ग्रँट या गाडीतून वर गेले. किलबर्न बंधूंनी धंदा सुरू केला होता १८६५च्या सुमारास, म्हणजे रेल्वे आणि कार्डांचा कारखाना एकाच काळात, एकाच प्रदेशात वाढले. बेंजामिन कॅमेरा घेऊन डोंगर हिंडत, एडवर्ड छपाईचे काम पाहत. रेल्वेने या धंद्याला गिऱ्हाईक आणून दिले, वर जायची सोय दिली, आणि विषयही दिला.

यांतली दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण त्या काळचे छायाचित्रण डोंगरात करणे सोपे नव्हते. काचेवर ओला लेप द्यायचा, तो वाळण्याआधी चित्र घ्यायचे आणि लगेच तंबूत नेऊन ते धुवायचे. रसायने, काचा, पाणी, अंधारा तंबू, सगळे बरोबर हवे. चित्र घ्यायला काही सेकंद लागत. त्यामुळे त्या दशकातल्या कार्डात इंजिनाची चाके आणि माणसांचे चेहरे स्वच्छ दिसत असतील, तर ती गाडी बहुधा उभी आहे. तिला थांबवले आहे, माणसांना हलू नका म्हणून सांगितले आहे. धूर मात्र कुणाचे ऐकत नाही. तो पुसट ढगासारखा उमटतो. १८८०च्या सुमारास कोरड्या प्लेट आल्या तेव्हाच धावती गाडी पकडणे शक्य झाले. चित्रातली गाडी चालताना दिसते का, या साध्या प्रश्नातून कार्डाचा काळ आणि त्यामागची व्यवस्था दोन्ही हाती लागू शकतात.

याच डोंगरावर १८७०–७१च्या हिवाळ्यात एक वेगळी मोहीम झाली. चार्ल्स हिचकॉक आणि जे. एच. हंटिंग्टन यांच्या पुढाकाराने काही जण हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी शिखरावर राहिले. त्यांत क्लफ आणि किंबल हे दोन छायाचित्रकार होते. त्यांचा मुक्काम होता रेल्वेच्याच वरच्या स्थानकाच्या इमारतीत. वाऱ्याने दगडांवर, तारांवर, भिंतींवर जमवलेल्या हिमतुषारांची त्यांनी घेतलेली जोडचित्रे आजही थक्क करतात, आणि त्यांचे यश पुन्हा तेच सांगते. हिमाची ती पिसे हाताच्या अंतरावर आहेत, म्हणून भिंगांखाली त्यांचे एकेक पाते सुटे होते. शिखरावर राहून त्यांनी दूरच्या रांगांकडे पाठ केली आणि जवळचे टिपले.

आता कार्ड हातात घेऊन वाचायचे कसे ते पाहू. पहिली पायरी पुठ्ठ्याची. चौकोनी कोपरे जुने. १८६०च्या दशकाच्या अखेरीपासून गोल कोपरे रूढ झाले. पुठ्ठा किंचित वाकवलेला असेल तर तो १८८०च्या आसपासचा किंवा नंतरचा. कार्डाच्या पाठीवर अमेरिकन सरकारचे कराचे तिकीट असेल, तर ते सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या काळात विकले गेले, कारण छायाचित्रांवर कर होता तो तेवढाच काळ. त्यामुळे माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर उभी असलेली गाडी आणि करतिकीट एकाच कार्डावर असूच शकत नाहीत. असतील, तर काहीतरी गफलत आहे.

दुसरी पायरी जोडीची. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातून मिळालेल्या काचेवरून छापलेले चित्र तसेच चिकटवून चालत नाही. ते मधून कापून डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावावे लागते. कारागीर हे विसरला तर भिंगांखाली खोली उलटी होते: दूरचे जवळ येते, जवळचे मागे जाते. कारखान्यात हे कापणे-चिकटवणे हाताने होई. उलट्या जोडीचे एखादे कार्ड म्हणजे त्या टेबलावर काम करणाऱ्या अनाम माणसाची एक खूण. संग्राहक असे कार्ड खराब म्हणून बाजूला टाकतो, अभ्यासकाने ते जपून ठेवावे.

तिसरी पायरी चढाची. जोडचित्र अंतर सांगते, उभे-आडवे सांगत नाही. छायाचित्रकाराने कॅमेरा रुळांना समांतर कलवला, तर चढ सौम्य दिसतो आणि माणसे, झाडे तिरकी होतात; उलट बाजूला कलवला तर चढ भयंकर होतो. दोन्ही चित्रे भिंगांखाली सारखीच खोल, सारखीच खरी वाटतात. म्हणून चढ मोजायच्या आधी चित्रात ओळंबा शोधावा. मोकळा उभा असलेला माणूस, सरळ वाढलेले झाड, इमारतीचा कोपरा, यांतले काहीतरी सापडतेच. खोली अस्सल असली तरी उतार लबाड असू शकतो.

चौथी पायरी माणसांची. इथे अग्रभागाचा मुद्दा प्रकाशशास्त्राच्या बाहेर पडतो. चित्रात जवळ उभा केलेला माणूस खोली दाखवण्यासाठी आणि मोजमापासाठी उभा आहे. तो बहुतेक वेळा त्या जागी काम करणारा असतो, कारण तोच हाताशी असतो. माउंट वॉशिंग्टनवर रेल्वेचे मजूर दिवसाचे काम संपवून दात्यांच्या पट्टीवर बसवलेल्या फळीवरून घसरत खाली येत. दोन्ही बाजूंना ब्रेक, हातात त्यांच्या मुठी, आणि वेग जीवघेणा. त्यांची कार्डेही विकली गेली. मजूर या डोंगरावरच्या चित्रात दोन तऱ्हांनी येतो: एकदा मोजपट्टी म्हणून आणि एकदा करमणूक म्हणून. शीर्षकात त्याचे नाव नसते. पण भिंगांतून पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ तोच असतो, शिखराहून कितीतरी जवळ.

हा विचार हिंदुस्थानातल्या कार्डांना लावला की तो अधिक बोचरा होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हा धंदा मोठ्या अमेरिकन कंपन्यांकडे गेला होता. कॅन्सस राज्यातल्या ओटावा गावी एल्मर आणि बर्ट अंडरवुड या भावांनी सुरू केलेली अंडरवुड अँड अंडरवुड ही त्यांतली प्रमुख. त्यांची पद्धत देशोदेशीच्या कार्डांच्या पेट्या बांधण्याची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयीन विद्यार्थी त्या दारोदार विकत. पेटीबरोबर पुस्तक, पुस्तकाबरोबर नकाशे, आणि नकाशावर प्रत्येक चित्र कुठे उभे राहून, कोणत्या दिशेला पाहत घेतले ते लाल रेघांनी दाखवलेले. घरबसल्या प्रवास घडवायचा हा चोख बंदोबस्त होता. हिंदुस्थानची पेटी आणि तिचे १९०७ मध्ये निघालेले पुस्तक जेम्स रिकल्टन यांचे. हे न्यू जर्सीतले शाळामास्तर. एडिसन यांनी दिव्याच्या तंतूसाठी बांबू शोधायला १८८८ मध्ये त्यांनाच पूर्वेकडे धाडले होते. त्यांचा हिंदुस्थानचा प्रवास मुंबईपासून सुरू होतो.

दार्जिलिंगची रेल्वे या कंपन्यांच्या आवडीची. १८७९ ते १८८१ या काळात बांधलेला, दोन फूट रुंदीचा हा मार्ग दात्यांशिवाय घूमच्या २,२५८ मीटर उंचीवर जातो. त्यासाठी तो स्वतःभोवती वळसे घेतो आणि काही ठिकाणी मागेपुढे होत झिगझॅग चढतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हे वरदानच, कारण वळशावर कॅमेरा लावला की तोच मार्ग एका चौकटीत दोनदा येतो, एकदा पायाशी आणि एकदा वर. खोली दाखवण्याची याहून नामी सोय दुसरी नाही. आणि या चित्रांतही पायाशी माणसे असतात. अंडरवुड कंपनीच्या कार्डांच्या पाठीवर शीर्षक सहा युरोपीय भाषांत छापलेले असे. ज्यांना जवळ उभे केले त्यांची भाषा त्यांत नव्हती. हे कार्ड कुणासाठी होते, हे एवढ्यावरून कळते.

मग हा विषय इतकी वर्षे दुर्लक्षित का राहिला? एक कारण तंत्राचे आहे. पुस्तकात जोडचित्र छापायचे तर जागा लागते, वाचकाकडे भिंगे लागतात. म्हणून संपादकांनी सोपा मार्ग धरला आणि जोडीतले एकच चित्र छापले. कित्येक प्रसिद्ध छायाचित्रे आपण अशी अर्धीच पाहिली आहेत, आणि ती अर्धी आहेत हे आपल्याला ठाऊकही नसते. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. ही कार्डे बाजारू, घाऊक, दिवाणखान्यातली. कलेच्या इतिहासाने त्यांना दारातच थांबवले. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी मात्र १८५९ मध्येच त्यांचे मोल ओळखले होते आणि जोडचित्रांची मोठी ग्रंथालये उभी राहावीत अशी कल्पना मांडली होती. १८६१च्या सुमारास त्यांनी हातात धरायचा स्वस्त स्टिरिओस्कोप तयार केला आणि त्याचे पेटंट घेतले नाही. कार्डे घरोघरी पोचली, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

विद्येच्या जगात कार्डांना जागा मिळाली ती पुढच्या शतकाच्या उत्तरार्धात. विल्यम डॅरा यांनी १९७७ मध्ये निर्माते, पुठ्ठे, काळ यांची शिस्तशीर मांडणी केली. तारखा ठरवताना आजही तिथूनच सुरुवात होते. १९८२ मध्ये रोझालिंड क्राउस यांनी विचारले की ज्याला आपण निसर्गचित्र म्हणून भिंतीवर टांगतो, ते मुळात स्टिरिओस्कोपमध्ये पाहण्याचे ‘दृश्य’ असेल तर आपण चुकीच्या दालनात उभे नाही ना? १९९० मध्ये जोनाथन क्रेरी यांनी स्टिरिओस्कोपला पाहण्याच्या सवयी घडवणारे यंत्र म्हणून तपासले. डॅरांचे लक्ष वस्तूवर, क्राउस यांचे वर्गवारीवर, क्रेरी यांचे पाहणाऱ्यावर. तिन्ही कामे एकत्र ठेवली तर एक जागा रिकामी राहते, ती चित्रात उभ्या असलेल्या माणसाची. नव्या अभ्यासकाने तिथून सुरुवात करावी.

साधने आता कुणालाही मिळण्याजोगी आहेत. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतला रॉबर्ट डेनिस संग्रह, वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतला कीस्टोन-मास्ट संग्रह, यांतली हजारो कार्डे पूर्ण जोडीनिशी संकेतस्थळांवर आहेत. ती मोबाइलच्या पडद्यावर आणून पुठ्ठ्याच्या साध्या भिंगपेटीतून पाहता येतात. सरावाने भिंगांशिवायही पाहता येतात: नजर दूरवर लावल्यासारखी सैल सोडायची आणि दोन चित्रांच्या मध्ये तिसरे उभे राहीपर्यंत थांबायचे. लहानपणी व्ह्यूमास्टरची चकती फिरवलेल्यांना भिंगांतून जोडचित्र पाहणे ओळखीचे आहे; त्या चकतीवर समोरासमोर बसवलेल्या सात जोड्या म्हणजे याच घराण्याची पुढची पिढी. ज्यांना दोन डोळ्यांची खोली दिसत नाही, त्यांनीही मागे सरू नये. पुठ्ठे, पाठीवरचा मजकूर, विक्रीची व्यवस्था, कोण कुठे उभे आहे हे सारे एका डोळ्यानेही वाचता येते, आणि खोलीची भुरळ पडत नसल्यामुळे कदाचित अधिक थंडपणे.

मराठी अभ्यासकाला इथे खास काम आहे. चित्रे दाखवून लोकांना रमवण्याचा आपला इतिहास मोठा आहे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये रंगवलेल्या काचांच्या साह्याने ‘शांभरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले, तेव्हा अंधारात मंडळी एकत्र बसून एकच पडदा पाहत होती. स्टिरिओस्कोप याच्या नेमका उलट: एका वेळी एकच माणूस, आणि त्याच्या डोळ्यांभोवती बाकीचे जग बंद करणारी चौकट. एकाच काळातल्या या दोन सवयी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. भोर आणि थळ घाटांपासून १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरानच्या दोन फुटी गाडीपर्यंत, डोंगरातल्या रेल्वेची ओळख आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. घाटात चाक कसे घसरते, बोगद्याच्या तोंडाशी कोण उभे असते, पावसाळ्यात मार्ग कोण सांभाळते, हे परक्या अभ्यासकाला पुस्तकातून शोधावे लागते. ते आपल्याकडे घरच्या बोलण्यात आहे.

तेव्हा कोणतेही एक कार्ड घ्या, आणि शिखराकडे शेवटी पाहा. आधी पायाशी काय आहे ते टिपा: ओंडका, स्लीपर, फळी, माणूस. ते तिथे आपोआप आले की आणून ठेवले, हे विचारा. गाडी उभी आहे की चालती, ते ठरवा. मग ओळंबा शोधा आणि पुठ्ठा उलटून पाठ वाचा. डोंगराचे नाव शीर्षकात छापलेलेच असते, त्याला अभ्यासक लागत नाही. त्याच्यासमोर ज्यांना उभे केले त्यांची ओळख पटवणे हे या शाखेचे खरे काम आहे. ते नुकते कुठे सुरू झाले आहे आणि त्याला माणसे हवी आहेत.